पुस्तक वाचून झाल्यावर मुलांना काय विचारायचं? काहीही नाही

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की घरात न वाचणारं मूल असेल तर कळवा. चूक झाली. टपाल, ईमेल आणि कचेरीतला फोन अशा तिन्ही वाटांनी इतके प्रश्न आले की महाराष्ट्रात एकही पोर वाचत नाही की काय, असं वाटावं. तसं नाहीये. वाचणाऱ्या मुलांचे आईबाप पत्रं लिहीत नाहीत, एवढंच.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी कराडची. सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात २९ वर्षं देवघेवीच्या टेबलामागे बसले, आता निवृत्त आहे. बालमानसशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पुस्तकावर शिक्का मारताना समोरच्या पोराचा चेहरा बघायची सवय मात्र आहे. सहा पत्रं निवडली आहेत. पत्रं थोडी कापली, उत्तरं कापवली नाहीत.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, इंग्रजी माध्यमात आहे. घरात मराठी-इंग्रजी मिळून शंभरेक पुस्तकं आहेत. दिवाळीत आणखी चार हजारांची घेतली. रोज वीस पानं वाचल्याशिवाय मोबाईल नाही, असा नियम केला. वाचून झालं की मी सारांश विचारते, नवीन शब्द वहीत लिहायला लावते. आधी करायचा. आता पुस्तक समोर धरून नुसता बसतो. पान उलटतो, पण डोळे हलत नाहीत. काय चुकतंय?
एक आई, चिंचवड

डोळे हलत नाहीत हे तुमच्या लक्षात आलं म्हणजे तुमची नजर तिखट आहे. पण बघा हं, मुलगा गोष्ट वाचतोय आणि आई त्याचे डोळे वाचतेय. अशा पहाऱ्यात तुम्हाला तरी कादंबरी वाचवेल का?

वीस पानं आणि मग मोबाईल, या सौद्यात मोबाईल झाला बक्षीस आणि पुस्तक झालं दंड. ‘कारल्याची भाजी संपव, मग गुलाबजाम’ म्हटल्यावर कुठल्या पोराला कारलं आवडायला लागलंय? त्यात तुमचा सारांश आणि शब्दांची वही. तो शाळेतून सुटून घरी येतो आणि घरी पुन्हा मराठीचा नाहीतर इंग्रजीचा तास.

तुम्हाला बोलायचा मला फारसा हक्क नाही, कारण हाच उद्योग मी केलेला आहे. नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली होती, उत्साह दांडगा. बालविभागाच्या भिंतीवर कार्डशीटची मोठी शिडी लावली. एक पुस्तक वाचून टेबलाशी येऊन सारांश सांगितला की एक पायरी वर. पन्नास पायऱ्या चढल्या की कंपासपेटी. पंधरा दिवसांत मांडणीवरची सगळी बारकी पुस्तकं गायब! जाड पुस्तकांना कुणी हात लावेना. सहावीतली एक मुलगी सगळ्यांत वर होती. रोज एक पुस्तक परत करायची आणि घडाघडा सारांश सांगायची. एके दिवशी तिने परत केलेलं पुस्तक मी पुन्हा रॅकवर लावायला घेतलं. आमची पुस्तकं बांधणीहून यायची तेव्हा कधीकधी बाइंडरच्या कटरातून दोन पानं सुटायची, वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच राहायची. पट्टीने किंवा बोटाने ती फाडल्याशिवाय आत काय छापलंय ते नीट वाचता येत नाही. या पुस्तकात अशी तीन ठिकाणं होती आणि तिन्ही शाबूत. सारांश तिने मलपृष्ठावरून सांगितला होता.

मी तिला काही म्हटलं नाही. पोरगी हुशार, मी जे मागत होते तेच तिने दिलं होतं. कंपासपेटी तिला दिली आणि शिडी उतरवली. ती मुलगी त्यानंतर वाचनालयात आली नाही. पेटी मिळाली, काम संपलं. ही गोष्ट आठवली की अजूनही मला कानकोंडं व्हायला होतं.

तेव्हा पहिलं काम: एक महिना त्याला वाचनाबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही. किती झालं नाही, काय कळलं नाही, आवडलं का हेसुद्धा नाही. जमेल? माझा अनुभव असा की वीस पानं वाचणं पोरांना जितकं जड जातं, त्याहून हे आयांना जड जातं.

दुसरं, रात्री पंधरा मिनिटं तुम्ही त्याला वाचून दाखवा. ‘नऊ वर्षांचा घोडा झालाय, त्याला वाचता येतं की’ असं म्हणाल. येत असेल. पण या वयात मुलांचे कान डोळ्यांच्या बरेच पुढे असतात. जी गोष्ट ऐकून तो खदखदा हसेल, तीच स्वतः वाचताना अडखळण्यातच त्याचा अर्धा जीव जातो. त्याला वाचायला जमतात ती पुस्तकं बाळबोध वाटतात आणि जी आवडतील ती झेपत नाहीत. हे मधलं अंतर तुमच्या आवाजाने भरायचं. मराठीत वाचा, इंग्रजीत वाचा, तुमची जीभ जिथे मोकळी असेल तिथे.

शिडी उतरवल्यावर मी हेच केलं. शनिवारी साडेचारला सतरंजी टाकायची आणि वाचायला बसायचं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे घेतला होता. त्याचं ते ‘ट्टॉक्’ मला काही केल्या नीट वाजवता येईना, पोरंच वाजवून दाखवायची. एकदा ऐन पाठलागात चहावाला आला. मी पुस्तक उघडंच सतरंजीवर पालथं ठेवलं आणि बाहेर चहा घ्यायला गेले. खरंच चहासाठी गेले होते, त्यात काही युक्ती नव्हती. परत येते तो तीन डोकी पुस्तकावर वाकलेली आणि एक मुलगा बोट फिरवत अडखळत पुढचं वाचतोय, बाकीचे ‘लवकर, लवकर’ करतायत. पुढे मात्र मी दर शनिवारी चहा मुद्दाम पाठलागातच मागवायला लागले.

तिसरं तुमच्या कपाटाबद्दल. शंभर पुस्तकं उभी लावली की मुलाला दिसतात नुसत्या पाठी. त्यातली दहा काढा आणि तोंडं दिसतील अशी ठेवा. खाटेशेजारी, जेवायच्या टेबलावर, हो, संडासाबाहेरच्या स्टुलावरसुद्धा. बाकीची माळ्यावर टाका आणि पंधरा दिवसांनी बदला. पुढची खरेदी तुम्ही करू नका. शंभर रुपये त्याच्या हातात द्या, जुन्या पुस्तकांच्या दुकानात न्या आणि बाहेर उभ्या राहा. तो भुताचं आणेल, गाड्यांची चित्रं आणेल, विनोदांचं फाटकं चोपडं आणेल. तोंड वाकडं करायचं नाही. अर्ध्यात सोडलं तर सोडू द्या. मोठ्यांची अर्धवट पुस्तकं उशाशी पडलेली असतात ती कुणी मोजत नाही.

मोबाईलचं भांडण वेगळं चालवा. त्याची वेळ ठरवा, ती पाळा, पण पुस्तकाच्या शेपटीला बांधू नका.

आणि ‘आधी तुम्ही वाचा, मग मुलं वाचतील’ हा उपदेश मी करणार नाही, तो तुम्ही पुष्कळ ऐकला असेल. आमच्या वडिलांनी जन्मात पंचांगापलीकडे काही वाचलं नाही. आम्ही तिघी बहिणी तरी पुस्तकात डोकं खुपसूनच वाढलो.

नात अकरा वर्षांची आहे. वाचते, पण काय वाचते? चित्रांच्या पट्ट्या असलेली पुस्तकं, आणि त्यातलंही एकच पुस्तक सहाव्यांदा. थोर पुरुषांची चरित्रं आणून दिली ती तशीच कोरी आहेत. माझ्या वयाला शोभेल असं काहीतरी तिला वाचायला लावण्याचा उपाय सांगावा.
एक आजोबा, फलटण

आजोबा, ‘माझ्या वयाला शोभेल असं’ हे तुमच्या पत्रात चुकून पडलं असेल, पण रोगाचं निदान त्यातच आहे.

तुम्ही फलटणचे, वारीच्या वाटेवरचे. हरिपाठ रोज म्हणत असाल. काल म्हटलाच होता की, आज पुन्हा कशाला? सहाव्यांदा वाचणाऱ्या मुलीला पुढे काय होणार ते ठाऊक असतं, म्हणून ती निर्धास्तपणे बाकीचं बघू शकते: वाक्य कसं केलंय, चित्रकाराने कोपऱ्यात मांजर कुठे लपवलंय. आणि चित्रांच्या पट्ट्या वाचणं सोपं नसतं. एका चौकटीतून दुसरीत जाताना मधे काय घडलं ते वाचणाऱ्याने स्वतः भरायचं असतं. तुम्ही एकदा वाचून बघा, तुम्हाला आधी कुठला फुगा वाचायचा तेच कळणार नाही. तेव्हा तिला विचारा. नातीने आजोबांना वाचायला शिकवलं तर तिचा दिवस काय, महिना चांगला जाईल.

मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाला. तुमच्या-माझ्या पिढीने तो असाच कुरतडून खाल्लाय. वेताळ दर महिन्याला झाडावर परत जातो हे ठाऊक असूनही आपण तो दर महिन्याला उघडत होतोच ना? आमच्या घरी त्याला ‘फालतू’ म्हणत. चरित्रं राहू द्या शेल्फात. कुठे पळून जात नाहीत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. त्यातले आधी तुम्हीच वाचा. एकटेच हसायला लागलात की नात येईल बघायला.

मुलगी पाचवीत, मराठी माध्यम. गोष्टी ऐकायला वेडी आहे, ऐकलेली गोष्ट शब्द न् शब्द सांगते. पण स्वतः वाचायला बसवलं की डोकं दुखतं, तहान लागते, शू लागते. मोठ्याने वाचताना ओळ गाळते, ‘घर’ला ‘धर’ म्हणते, ‘भात’ला ‘मात’, जोडाक्षर आलं की अंदाजाने ठोकून देते. बाई म्हणतात आळशी आहे. गोडी कशी लावू?
एक आई, लातूर

तुमच्या मुलीला गोडी लावायची नाहीये, ती कधीच लागलेली आहे. गोष्टीसाठी जीव टाकणारी पोरगी आळशी कशी असेल? घरात यायचंय तिला, दार अडकलंय.

पहिल्यांदा डोळे तपासा. शाळेत भिंतीवर तक्ता लावून होते ती तपासणी पुरेशी धरू नका. तिच्यात लांबचं दिसतं की नाही एवढंच कळतं, आणि पुस्तक तर जवळ धरायचं असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन थेंब घालून तपासायला सांगा. मुलांचा जवळच्या नजरेचा नंबर थेंबांशिवाय बऱ्याचदा लपून राहतो, कारण लहान डोळा ताण देऊन तो भरून काढतो आणि संध्याकाळी डोकं दुखतं. ऐकूही नीट येतंय ना, ते त्याच फेरीत बघून घ्या.

माझ्याकडे पाचवीतला एक मुलगा यायचा. दर वेळी बालवाडीची, मोठ्या टायपाची पुस्तकं घ्यायचा. हात लांब करून धरायचा, आमच्याकडचे म्हातारे पोस्टमन पाकीट धरायचे तसं. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, “अरे, मोठा झालास आता,” आणि एक जाडजूड पुस्तक त्याच्या हातात कोंबलं. तीन आठवडे आला नाही. मग आला तो जाड भिंगांचा चष्मा लावून, आईबरोबर. ते जाडजूड पुस्तक त्याने टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “आता पुन्हा द्या, वाचतो.” माझ्या डोळ्यांसमोर रोज तो हात लांब करत होता आणि मला वाटत होतं, पोरगं लबाड आहे.

डोळे, कान ठीक निघाले तर अध्ययन अक्षमता आहे का ते तपासून घ्या. डिस्लेक्सिया हा शब्द तुम्ही ऐकला असेल. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. अक्षर आणि आवाज यांची गाठ मेंदूत सहज बसत नाही, एवढंच. ‘घ-ध’, ‘भ-म’ ही गल्लत पहिली-दुसरीत सगळीच मुलं करतात. पाचवीत राहिली तर मनावर घ्यायला हवं. निदान मी करू शकत नाही, शाळेतल्या बाईही नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात चौकशी करा. मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून चाचण्या घेतात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षांत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. प्रमाणपत्राला लाजू नका.

तोवर घरी एवढं करा. ओळ चुकू नये म्हणून पोस्टकार्डाला एका ओळीएवढी खिडकी कापा आणि ती पानावरून सरकवा. दोघी एका आवाजात वाचा. ती अडखळली तर तुम्ही थांबायचं नाही, शब्द म्हणून पुढे जायचं. ती मागून येऊन तुम्हाला गाठते. चूक दुरुस्त करत बसू नका, गोष्ट वाहती राहू द्या. आणि तिच्यासाठी गोष्टी ऐकायच्या बंद करू नका. ‘स्वतः वाच, मगच पुढची सांगेन’ असं कुणी सुचवलं तर त्याला पाणी विचारा आणि वाटेला लावा.

मी धडगाव तालुक्यातल्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. गोष्टींची दोनशेवर पुस्तकं शाळेत आहेत, पण कपाटाला कुलूप असतं. पुस्तक फाटलं, हरवलं तर हिशेब मला द्यावा लागतो. मुलांना पाठ्यपुस्तक वाचतानाच दम लागतो, अवांतर कुठून वाचणार?
एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्या व्यवसायाचे आद्यगुरू एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून लिहावी लागली, कारण तेव्हाही कुलपं होती. कपाटात सुरक्षित राहिलेली पुस्तकं शेवटी वाळवी वाचते. मी वाचनालयात पाहिलंय. वरून ठणठणीत दिसणारा गठ्ठा उचलला की आत माती.

हिशेबाची भीती मात्र खरी आहे, तिची चेष्टा करणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या की गोष्टींची पुस्तकं मुलांना हाताळायला दिली जातील आणि वापराने फाटलेली पुस्तकं जीर्ण म्हणून नोंदवली जातील. सरपंच, पालक सगळ्यांच्या सह्या. आमच्याकडेही दरवर्षी जीर्ण पुस्तकांचं निर्लेखन व्हायचं, म्हणजे यादी करून ती नोंदीतून काढायची. माझे एक वरिष्ठ ती यादी बघून कपाळाला आठ्या घालायचे. मला मात्र यादी लांब असली की वर्ष चांगलं गेल्यासारखं वाटायचं.

मग कपाट उघडा. वर्गात मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तीस-चाळीस पुस्तकं लटकवा. देवघेवीची वही तुम्ही ठेवू नका, चौथीतल्या दोघांना द्या. माझा अनुभव आहे, पुस्तक न्यायला कंटाळा करणारं पोर दुसऱ्याकडून पुस्तक वसूल करायला मैलभर चालत जातं.

आता भाषेचं. पहिलीतलं पावरी बोलणारं मूल मराठी पुस्तक उघडतं तेव्हा त्याला लिपी आणि भाषा दोन्ही एकदमच शिकायच्या असतात. आपल्याला कुणी अचानक तेलुगू पुस्तक देऊन ‘गोडी लाव’ म्हटलं तर? म्हणून पहिली पुस्तकं त्यांच्याच तोंडून काढा. एका मुलाने घरची गोष्ट पावरीत सांगायची, तुम्ही ती देवनागरीत, तो बोलतो तश्शी उतरवायची. व्याकरण सुधारायचं नाही. मोठा कागद तीनदा दुमडला की आठ पानं होतात, मधे सुई-दोरा घाला, कडा कापा, चित्रं मुलांची. मुखपृष्ठावर सांगणाऱ्याचं नाव ठळक. त्याला दाखल नंबर, म्हणजे नोंदवहीतला क्रमांक, द्या आणि त्याच सुतळीवर मराठी पुस्तकांच्या शेजारी टांगा. शब्द ओळखीचे असले की अक्षरं पटकन धरली जातात. मग मराठी पुस्तक जवळ यायला वेळ लागत नाही. पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या आजीलाही शनिवारी बोलवा. तिला लिहिता येत नसेल, पण तुमच्या त्या दोनशे पुस्तकांत नसलेल्या गोष्टी तिच्याकडे आहेत.

पहिलं पुस्तक शिवून झालं की मला एक प्रत पाठवा. टपालखर्च माझा.

आम्ही म्युनिकमध्ये असतो. दहा वर्षांचा मुलगा मराठी छान बोलतो, जर्मन पुस्तकं फडशा पाडल्यासारखी वाचतो, पण देवनागरी म्हटलं की पळतो. आजी कोल्हापूरला आहे. काय करावं?
एक बाबा

जर्मन फडशा पाडतोय तर वाचक तयार आहे, लिपी तेवढी राहिली आहे. तिच्यात परकं मूल कुठे अडखळतं ते आधी समजून घ्या. ‘ि’ ही वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. ‘र’ तर बहुरूपीच: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी लोळतो, ‘ट्रक’मध्ये त्याला टोपीसारखे दोन पाय फुटतात आणि ‘वाऱ्या’त भलताच वाकतो. त्याला हे कोडं म्हणून द्या, एका ‘र’ची सोंगं शोधायला. एका रविवारचा कार्यक्रम झाला.

खरं काम आजीकडून करून घ्या. तिने आठवड्याला एक पत्र लिहायचं, कागदावर, पाच ओळी, मोठं सुटं अक्षर. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी चालेल, पण तो मुलाला. मजकूर एकच: बाबा लहान असताना काय काय उद्योग करायचा. शाळा बुडवून रंकाळ्यावर कसा सापडला, गणितात किती पडले. आणि तुम्ही शपथ घ्यायची की मुलाला ते वाचून दाखवणार नाही. उलट पत्र आलं की चेहरा पाडायचा आणि ते लपवायचा प्रयत्न करायचा. दहा वर्षांच्या मुलाला बापाची अंडीपिल्ली हाती लागणार असतील तर तो ब्राह्मी लिपीसुद्धा शिकेल.

सोबतीला गाणी ठेवा. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी यांनी १९९०च्या दशकापासून एक साधी कल्पना चालवली: टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच गाण्याचे शब्द दाखवायचे. गाणं पाठ असतं, डोळे आपसूक अक्षरांवर जातात. पाठ असलेली मराठी गाणी शब्दांसकट लावा आणि गप्प बसा. चाचणी घ्यायची नाही, हे चिंचवडच्या ताईंना सांगितलं ते तुम्हालाही लागू.

मी १४ वर्षांचा आहे. माझी आई तुमचं सदर वाचून माझ्या मागे लागते. मला पुस्तकं बोअर होतात. मी क्रिकेट खेळतो आणि बघतो. नाही वाचली पुस्तकं तर काय होणार आहे? खरं सांगा.
सिन्नर

खरं सांगते. काही होणार नाही. एकही पुस्तक न वाचलेली, चार लोकांना धरून राहणारी, पोटापाण्याचं उत्तम चाललेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीत आहेत. आणि कपाटंच्या कपाटं वाचलेली काही अशी आहेत की लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान आपल्याला येऊ नये असं वाटतं.

तेव्हा वाच म्हणत नाही. एक भांडण सांगते. आमच्या वाचनालयाच्या मागच्या पटांगणात मुलं खेळायची. एकदा बॉलरने चेंडू टाकायच्या आधीच, क्रीज सोडून पुढे पळालेल्या नॉन-स्ट्रायकरच्या बेल्स उडवल्या. आउट की चीटिंग? मारामारीपर्यंत गेलं आणि सगळी टोळी घामेजलेली माझ्या टेबलापुढे: “बाई, क्रिकेटच्या नियमांचं पुस्तक आहे?” त्या मुलांतल्या निम्म्यांना मी आत आलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नियमांचं नव्हतं, पण क्रिकेटच्या इतिहासाचं एक होतं. त्यात सापडलं की भारताच्या विनू मंकड यांनी डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असंच बाद केलं होतं, आणि त्याच दौऱ्यात त्याआधीच्या एका सामन्यातही; तेव्हा तर आधी ताकीद देऊन. ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि मंकडांची बाजू घेतली कुणी, तर समोरच्या संघाचा कप्तान डॉन ब्रॅडमन याने. मुलं ते पान टेबलाशी उभ्याउभ्याच वाचत होती, एकाच्या खांद्यावरून दुसरा. बसा म्हटलं तरी बसेनात.

पुढे २०२२ मध्ये हा प्रकार ‘गैरखेळ’ या ४१व्या नियमातून काढून ३८व्या, म्हणजे साध्या धावबादच्या नियमात टाकला. एकूण नियम ४२ आहेत. यष्टिरक्षकाच्या मागे मैदानावर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर किती धावा मिळतात, तेही त्यांतच कुठेतरी आहे. मी सांगणार नाही. तुमच्या टीममध्ये हे नक्की ठाऊक असलेला एकच जण असेल, तर पुढच्या भांडणात त्याचाच शब्द चालेल.

भांडण कोण जिंकलं ते कळव. आईने विचारलं तर सांगू नकोस.